चार्ज

हेमांगी, बस. हे मेसचं रजिस्टर.
निळ्या शाईत माझा हिशेब,
लाल शाईत रेक्टरबाईंचा संशय.
नुस्त्याच्या पानांवर जे ओले डाग आहेत
तो कायतान मासेवाल्याचा अंगठा.
त्याला गेटवरच पैसे दे. आत घेतलास तर तो बसतो,
आणि बसला की त्याच्या मुलाच्या पोर्तुगीज पासपोर्टची फाईल उघडते.

सोमवारी शिवराक. गुरुवारी अर्ध्या मुली शिवराक,
उरलेल्या अर्ध्या त्या दिवशी धर्मावर बोलतात.
मध्ये पडू नकोस. अंडी उकड.

गॅसची चिठ्ठी, चवथीची वर्गणी, नाताळच्या ताऱ्याची वायर,
सगळं एकाच डब्यात. झाकण कधीच नव्हतं.
निवडून आलीस म्हणजे काय, ते तुला एप्रिलात कळेल.
फर्मागुडीच्या चढावर टँकर अडकेल
आणि चाळीस मुली दात घासायच्या ब्रशसकट
तुझ्या दारात उभ्या राहतील.

आता दुसरं. हे रजिस्टरात नाही.

शपथेची रात्र तुला ठाऊक आहे.
करवंटीत मेणबत्ती, केस मोकळे सोडलेल्या आम्ही,
गच्चीवर रांगेत तुम्ही.
थोरल्यांचा शब्द शेवटचा, असं तूही म्हणालीस
आणि मग हसलीस. जिलेबी मीच भरवली होती.
वाईट काही नसतं त्यात, असं आपण म्हणतो.
त्याच गच्चीनंतर आपण एकमेकींच्या उवा काढल्या,
पेपरच्या आदल्या रात्री पाणी मारून एकमेकींना उठवलं,
लॉर्नाचे वडील गेले तेव्हा सगळ्या मिळून कुडचड्याला गेलो.
मला इथं बहिणी मिळाल्या. हे खोटं नाही.

तुझ्या आधीच्या वर्षी जानकी वेलीप होती.
खोतीगावची. दोन बस बदलायच्या, वर तासभर चालायचं.
तिला कुणीतरी म्हणालं, तुझ्या गावचं काहीतरी करून दाखव.
कुणीतरी नाही. मी.

ती कठड्यापाशी गेली, तोंडाभोवती हात धरले
आणि म्हशीला हाक मारली.
सांजेला डोंगरापलीकडे राहिलेल्या म्हशीला मारतात तशी.
हाक देवळाच्या कळसावरून गेली,
खाली हायवेवरचा ट्रकसुद्धा क्षणभर गप्प वाटला.
आम्ही हसलो. पोट धरून हसलो.
पुन्हा, म्हटलं.
तिनं पुन्हा मारली.
तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं म्हशीचं नाव जरा सावकाश घेतलं,
जणू आम्हालाच नीट ऐकू आलं नसावं.

आठवड्याभरात तिची गादी गुंडाळलेली.
करमलं नाही, असं रेक्टरबाईंनी लिहिलं.
मी तिचे मेसचे पैसे मनीऑर्डरनं पाठवले,
परत आले. पत्ता अपुरा.
चारशे ऐंशी रुपये. डब्यात तळाशी आहेत,
वर्गणीत मिसळू नकोस.

पुढच्या जुलैत मी बिनविरोध आले.
भाषणात 'आपण सगळ्या एक' असं तीनदा म्हटलं.
आणि तुझ्या रात्रीच्या करवंट्याही
मीच मोजून ठेवल्या, हेमांगी.

इथं सही कर.
ही कोठीची चावी, ही पंपाची, ही टीव्हीच्या कपाटाची.
गच्चीची देत नाही.
विचारतील. सांग, आधीच्या सेक्रेटरीनं हरवली.
कुलूप जुनंच आहे, दगडानंही फुटेल;
ते तुझं तू बघ.

आणि हो, न्हाणीमागे एक हिरवी बादली आहे.
नेलपॉलिशनं जानकी लिहिलंय, न खाली ओघळलाय.
पाणी गेलं की सगळ्या तीच ओढतात,
नाव कुणी वाचत नाही.
रात्री झोपायच्या आधी
ती भरून ठेवत जा.